भालूरामची साक्ष

हिंगणी
१८ जून २०२५

प्रिय अंकुशदादा,

सा. न. वि. वि.

कान कसे आहेत? वहिनी फोनवर म्हणाल्या, नवं यंत्र लावल्यापासून तुला पंखा ऐकू येतो पण माणसं ऐकू येत नाहीत. म्हणून पत्रच लिहिते आहे. मास्तरणीचं अक्षर आहे, भुसावळपर्यंत वाचता येईल.

कारण असं की, आमच्या शाळेचं यंदाचं हस्तलिखित निघतंय आणि विषय मीच सुचवला, 'आमच्या लहानपणीच्या जाहिराती आणि मासिकं'. मोठ्यांनी लिहायचं, मुलांनी चित्रं काढायची. पहिला लेख अर्थातच माझ्या गळ्यात पडला.

सुरुवात झकास झाली. आपलं 'लिंबूटिंबू' मासिक आठवतं? दिवाळीचा अंक आपल्याकडे संक्रांतीला यायचा. तू आमच्याकडे शिकायला राहिलेला बाबांचा भाचा, म्हणून आधी वाचायचा मान तुझा. आणि तू गोष्टी सोडून आधी मागचं पान उघडायचास, कारण तिथे भालूराम असायचा. चमेली दंतमंजनाचं अस्वल. डोक्यावर फेटा, पांढरं पोट, तोंडभर दात. दर महिन्याला चार चौकटींत तो कोणाचे ना कोणाचे दात घासून द्यायचा. मगरीचे झाले, राक्षसाचे झाले, एकदा कोंबडीचे घासले. कोंबडीला दात नसतात असं पोस्टकार्ड तू संपादकांना पाठवलंस. पुढच्या अंकात भालूरामनं करवतीचे दात घासले, तर तू म्हणालास, "हे माह्याच पत्राचं उत्तर होय."

मंजन गोड होतं म्हणून आपण ते खायचो. डबी आठ दिवसांत संपायची आणि आई शेजारणींना सांगायची, आमच्या पोरांना दातांची फार काळजी. शिवाय साबणाचा तो मिठूलाल पोपट, आणि डोकं दुखतं म्हणून कपाळाला मलम लावून बसलेला पहिलवान. एवढ्या मोठ्या माणसाचं डोकं कशानं दुखत असेल, असं मी विचारलं, तर बाबा म्हणाले, "त्याच्याही घरी तुमच्यासारखी पोरं असतील."

एवढं लिहिलं आणि पुढे आला हिंगणीचा बाजार. तिथे हात थांबला.

तुला ठाऊकच आहे, पण एकदा लिहूनच काढते. १९८० चा उन्हाळा. मी दहा वर्षांची. पंधरा दिवसांपूर्वीच मोहफुलं वेचताना बोरच्या जंगलात जिजा मडावीला अस्वलानं फाडलं होतं. गाव धास्तावलेलं. अशात भरबाजारात कंपनीनं भालूराम पाठवला, नमुन्याच्या पुड्या वाटायला. मी कांद्याच्या ढिगाशेजारी उभी होते. ते काळं धूड येताना दिसलं आणि मी किंचाळले, "अस्वल आलं, खरं अस्वल." पुढे कांदेवाल्या सदाशिवरावांची काठी, चहूकडून गोटे. भालूराम पळतोय, मुंडक्याचा पट्टा अडकलाय, ते निघत नाही. शेवटी तो नाल्यात पडला तेव्हा आतून आवाज आला, "अगा, मी माणूस होय."

बाबांनी मला दोन ठेवून दिल्या. दहावीपर्यंत शाळेत माझं नाव 'अस्वल' होतं. ही गोष्ट मी शंभर वेळा हसत हसत सांगितली असेल. पण मुलांसाठी लिहायला बसले आणि वाटलं, त्या माणसाचं नावही मला माहीत नाही. त्याचं पुढे काय झालं?

दादा, मी ठरवलंय. तो माणूस जिवंत असेल तर त्याला शोधून माफी मागायची, आणि मगच लेख पुरा करायचा. तुला काय आठवतं ते लिही.

तुझी,
दामिनी

*

भुसावळ
२७ जून २०२५

प्रिय दामू,

पत्र मिळालं. कोंबडीच्या बाबतीत मी आजही ठाम आहे.

माझी एक आठवण तू विसरलीस. मंजनाच्या वीस डब्यांची झाकणं पाठवली की भालूरामच्या तोंडाची शिट्टी मिळेल, असं त्यांनी छापलं होतं. मी वीस झाकणं जमवली. त्यातली सात तर शेजारच्या सुलोचनाबाईंच्या घरून, त्यांना न विचारता. सहा महिने वाट पाहिली. पोस्टानं काय आलं? मंजनाची पुडी. ती फाटून सगळं मंजन पोस्टमनच्या थैलीत सांडलेलं. तो आठवडाभर गावाला गोड वासाची पत्रं वाटत होता. हे लिही तुझ्या लेखात, पोरं हसतील.

त्या माणसाला मात्र आता शोधू नकोस. एवढ्या वर्षांनी कोणाचं दार वाजवायचं आणि काय सांगायचं? तू दहा वर्षांची होतीस, तुझा काय दोष? आणि माणूस भला वाटत होता. जीपच्या आड बसून बिडी विझवली, मुंडकं हातात घेतलं आणि चढवण्याआधी देवाला करतात तसा त्याला नमस्कार केला. असा माणूस राग धरून बसत नाही. कोंबडी लिही, शिट्टी लिही. अस्वल सोडून दे.

कानाचं यंत्र मी काढून ठेवलं आहे. पंख्याशी माझं काही बोलणं नाही.

तुझा,
अंकुशदादा

*

हिंगणी
८ जुलै २०२५

प्रिय अंकुशदादा,

अस्वल सोडलेलं नाही. सापडलं.

गेल्या रविवारी सिंदीला गेले. चमेली मंजनाची एजन्सी तिथल्या अण्णाजींकडे होती, ही बाबांची जुनी माहिती. अण्णाजी आता नव्वदीला आलेत. कापसाचा व्यापार मुलांनी सांभाळला, ते ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. मी विचारलं तर आधी म्हणाले, "बाई, मंजन बंद होऊन तीस वर्षं झाली. तक्रार असन तं उशीर केला तुमी." मी सगळं सांगितलं तेव्हा खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "लखन. लखन कापसे, जामचा. उंचपुरा होता म्हणून कंपनीच्या मॅनेजरनं निवडला. त्याच आठवड्यात काढून टाकला त्याले." का काढलं, हे त्यांनी सांगितलं नाही. जामच्या चौरस्त्यावर त्याच्या मुलाची चहाची टपरी आहे, एवढं सांगितलं. मी त्या पत्त्यावर पत्र टाकलं आहे.

आता तुझ्याकडे येते. तू आजवर सांगत आलास की त्या दिवशी तू बोर धरणावर पोहायला गेला होतास आणि संध्याकाळी परत आल्यावर तुला सगळं कळलं. मग जीपच्या आड बिडी विझवताना त्याला कोणी पाहिलं? नमस्कार कोणी पाहिला?

मी वर्गात चाळीस मुलांची उत्तरं तपासते. एवढं तर दिसणारच.

दामिनी

*

जाम
१९ जुलै २०२५

दामिनी मॅडमले लखन कापसेचा नमस्कार.

हे पत्र माही नात सपना लिहून राह्यली, काऊन का माहा हात थरथरते. मी बोलतो तसंच लिहिजो, सुधरवू नको, असं तिले सांगतलं.

तुमचं पत्र मी तीन डाव वाचून घेतलं. तुमी माफी मागतली. दहा वर्षाच्या पोरीले कोण काय म्हणन. गावानं नुकतंच अस्वल भोगलं होतं. मी तुमच्या गावचा असतो तं मीबी गोटा मारला असता. माह्या मनात तुमच्याबद्दल काही नाई. पण माहं एक काम हाय, ते तुमीच करू शकता.

त्या दिवशी माहे समोरचे दोन दात पडले. दंतमंजनाचा माणूस आन् दातच नाई. कंपनीनं कागदावर लिहिलं का लखन कापसे दारू पिऊन बाजारात गेला आन् लोकायशी भांडला. नोकरी गेली. मी आजलोक दारूचा थेंब तोंडाले लावला नाई.

माहं लग्न होऊन दीड वर्ष झालतं. बायकोले, मनकर्णाले, मी सांगतलं होतं का मी कंपनीचा एजंट हाय. अस्वल होतो हे सांगाची लाज वाटे. मंग मी घरी आलो तो फाटलेल्या ओठानं, आन् चार दिसानं तो कागद आला. तिचा बाप दारूनंच गेलता. मी तिले तवा सगळं खरं सांगतलं, का मी अस्वल झालतो आन् हिंगणीच्या लोकायनं मले मारलं. ती म्हणे, पेलेला माणूसबी याच्याहून बरी थाप मारते. तान्ही पोरगी घेऊन माहेरी गेली. वर्षभरानं आली ते एका बोलीवर. दर पोळ्याले, साऱ्या सोयऱ्यायसमोर, बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्या शपथ घ्याची का दारूले शिवणार नाई.

चव्वेचाळीस पोळे झाले मॅडम. जे कधी केलंच नाई, ते सोडल्याची शपथ घेऊन राह्यलो. नातू हसतात. एका जावयानं तं मले इचारलं, मामाजी, कोनती पेत होते?

मले माफी नको. साक्ष द्या. एक डाव येऊन तिले सांगा का तो अस्वल होता.

लखन कापसे

*

हिंगणी
२४ जुलै २०२५

अंकुशदादा,

लखनभाऊंच्या पत्राची नक्कल सोबत आहे. पूर्ण वाच.

तुझं उत्तर नाही. वहिनी म्हणाल्या, तब्येत ठीक आहे, पण दादा दोन आठवडे अंगणातच बसतात. तुला ऐकू येत नाही, वाचता येतं.

३ ऑगस्टला रविवार आहे. त्या दिवशी मी जामला जाऊन मनकर्णाबाईंना सांगणार आहे की मी ओरडले म्हणून हे झालं. मला ते पूर्ण खरं सांगायचं आहे. तुझ्याकडे काही असेल तर त्याआधी पाठव.

दामिनी

*

भुसावळ
२९ जुलै २०२५

दामू,

हे पत्र चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. आता स्पीड पोस्टानं पाठवतो, म्हणजे परत घेता येणार नाही.

मी धरणावर गेलो नव्हतो. शिट्टी मिळाली नाही याचा राग डोक्यात होता. भालूराम बाजारात येणार हे मला आधी कळलं होतं, आणि मी पंधरा वर्षांचा शहाणा, त्याला जाब विचारायला गेलो होतो. जीपच्या आड त्याला वेष चढवताना मी पाहिलं. आत माणूस आहे हे मला पूर्ण माहीत होतं. जाब विचारायची हिंमत झाली नाही. म्हणून तुझ्याकडे आलो. तू कांद्यांशेजारी उभी होतीस. तुझ्या कानात मी म्हटलं, "दामू, जंगलातलं अस्वल गावात घुसलं. ओरड."

तुला हे आठवत नाही. तू इतकी घाबरलीस की पुढचं मागचं सगळं पुसलं गेलं असावं. मला वाटलं होतं, लोक ओरडतील, तो घाबरेल, सगळे हसतील आणि फिटंफाट होईल. जिजाबाईचं माझ्या डोक्यातही आलं नाही. सदाशिवरावांनी काठी उचलली तेव्हा मी ओरडून सांगू शकत होतो की आत माणूस आहे. सांगितलं नाही. मी सुलोचनाबाईंच्या गोठ्यात जाऊन लपलो. संध्याकाळी डोकं भिजवून घरी आलो, पोहून आल्यासारखा.

मामांनी तुला मारलं तेव्हा मी ओसरीवर होतो. शाळेत तुला अस्वल म्हणायचे, ते नावही पहिल्यांदा मीच घेतलं होतं, म्हणजे कोणाला माझा संशय येऊ नये.

मला वाटत होतं, त्या माणसाला थोडं खरचटलं असेल आणि तो विसरून गेला असेल. तुझी नक्कल वाचली. चव्वेचाळीस हा आकडा मी अंगणात बसून मोजतो आहे.

हे पत्र मनकर्णाबाईंना वाचून दाखव. एकही ओळ गाळू नकोस.

अंकुश

*

हिंगणी
६ ऑगस्ट २०२५

अंकुशदादा,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. रागाचं नंतर बोलू, तो बराच आहे. आधी जामचं सांगते.

वर्ध्याला बस बदलून अकराला पोचले. टपरीमागेच घर. लखनभाऊ दारात उभे होते, पांढरा सदरा घालून. अजून ताठ आहेत. हसले की पुढचे दोन दात नाहीत ते दिसतं. मनकर्णाबाई आत डाळ निवडत होत्या. मला पाट दिला, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "यायनं बोलावलं का तुमाले? काय सांगाचं ते सांगा. मले फसवाले आजलोक लय जण येऊन गेले."

मी आधी माझं सांगितलं. त्या सूप हलवत राहिल्या. म्हणाल्या, "तुमी मास्तरीण. यायनं शिकवलं असंल."

मग मी तुझं पत्र काढलं. मोठ्यानं वाचलं, पहिल्या ओळीपासून. तू डोकं भिजवून घरी आलास ते वाचत होते तेव्हा त्यांचा हात थांबला. पुढचं वाचून झाल्यावर विचारलं, "हा कोन?"

"माझा आतेभाऊ."

"म्हणजे तुमच्याच घरचा. आन् सोताच्या हातानं हे लिहून दिलं त्यानं?"

"हो."

"कोनी सोताच्या तोंडाले असं काळं लावून घेत नाई," त्या म्हणाल्या. म्हणजे दादा, त्यांना पटलं. लखनभाऊ दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्या उठून त्यांच्याजवळ गेल्या असतील, असं तुला वाटेल. नाही गेल्या. परत डाळ घेतली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "मी यायले साऱ्या लोकायसमोर खोटं पाडलं. आता कागद वाचून भागत नाई. त्या भावाले म्हणा, पोळ्याले येजो. जिथं हे शपथ घेत होते तिथं उभा राह्यजो, आन् हेच बोलजो."

मी त्यांना शब्द दिला आहे. तुला विचारलं नाही आणि विचारणारही नाही. मी सोबत येणार नाही. मी सोबत असले की तू माझ्यामागे लपशील, आणि ते एकदा झालं आहे.

सेवाग्रामला उतर. तिथून हिंगणघाट आणि मग जाम. बस आहेत.

दामिनी

*

भुसावळ
२५ ऑगस्ट २०२५

प्रिय दामू,

जाऊन आलो.

सेवाग्रामला उतरलो तेव्हा परतीची गाडी समोरच्या फलाटावर उभी होती. तिच्याकडे पाहिलं, नाही असं नाही. मग बस धरली.

पोळा फुटून बैल घरोघरी फिरत होते. कापश्यांच्या अंगणात तीस-चाळीस माणसं होती. मुली, जावई, शेजारी. लखनभाऊंनी मला ओळखलं नाही, मी मात्र उंचीवरून त्यांना लगेच ओळखलं. नाव सांगितलं. त्यांनी हात जोडले. मी ते खाली केले, एवढंच सुचलं. मनकर्णाबाईंनी एकटी खुर्ची दाखवली आणि पाणीही विचारलं नाही. सपना वही घेऊन माझ्या शेजारी बसली. जो जे बोले ते ती लिहून दाखवत होती, म्हणून तुला शब्दन् शब्द सांगू शकतो.

बैलांची पूजा झाली, त्यांना पुरणाची पोळी चारली. पानं मांडलेली होती, पण मनकर्णाबाई म्हणाल्या, कोणी बसायचं नाही. लखनभाऊ सवयीनं बैलाजवळ जाऊन उभे राहिले, हात पाठीवर ठेवला. मग त्यांनी मला खूण केली.

मी उठलो आणि सांगितलं. झाकणं, शिट्टी, पोस्टमनची थैली. लोक हसले. अस्वल बाजारात आलं तेव्हा आणखी हसले. एक जावई पोटाला धरून बसला. माझा स्वतःचा आवाज मला नीट ऐकू येत नव्हता, म्हणून मी बहुतेक ओरडतच होतो. मग मी सांगितलं की मला माहीत होतं आत माणूस आहे. मुंडक्याचा पट्टा निघत नव्हता. ते नाल्यात पडले. दोन दात गेले. मी गोठ्यात लपलो. तेव्हा मला समोर दिसलं की कोणाचंच तोंड हलत नाही. तो जावई खाली पाहत होता. मी लखनभाऊंची माफी मागितली, मग मनकर्णाबाईंची, आणि तू तिथे नव्हतीस तरी तुझं नाव घेऊन तुझी.

मनकर्णाबाई पुढे आल्या. नवऱ्याचा हात बैलाच्या पाठीवर होता तो त्यांनी उचलला आणि बाजूला केला. सोयऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "हा माणूस कधी पेला नाई. मी चुकली. पुन्हा कोनी त्याले इचारलं तं मले येऊन सांगजो." मग त्यांनी लखनभाऊंना जे विचारलं ते सपनानं जरा थांबून लिहिलं.

"त्या दिवशी लय लागलं होतं का?"

"हो. लय लागलं होतं."

"मंग सांगाचं होतं."

"सांगतलं होतं."

 मनकर्णाबाईंनी पदरानं लखनभाऊंच्या सदऱ्यावरचा गुलाल झटकला, बराच वेळ झटकत राहिल्या. मग आत जाऊन पोळ्या आणल्या आणि सगळ्यांना बसायला सांगितलं.

मला सगळ्यांत शेवटी वाढलं. पण वाढलं.

लेख पूर्ण कर. माझं नाव बदलू नकोस.

तुझा,
अंकुशदादा